एक धावपट्टी, दोन कामे

(आपल्या भागातील बरेच लोक विमानप्रवासासाठी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर जातात. हा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे. लष्करी तळावरून प्रवासी विमाने कशी उडतात, त्यासाठी काय काय उभारावे लागते आणि त्यात कोणत्या अडचणी येतात, याची माहिती या पाठात सोप्या शब्दांत दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, महाराष्ट्राच्या नकाशात सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे शोधा. पश्चिमेला सह्याद्रीचा डोंगर, पूर्वेला कमी पावसाचा कोरडा भाग आणि मधून वाहणारी कृष्णा नदी. या खोऱ्यात ऊस पिकतो, साखर कारखाने चालतात. सांगलीची हळद देशभर जाते. मिरजेच्या रुग्णालयांत दूरदूरचे रुग्ण येतात. येथील कितीतरी तरुण दिल्ली, बंगळूर, दुबई अशा शहरांत नोकरी करतात. असे असूनही या दोन जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा असलेला एकही विमानतळ नाही.

मग येथील माणसाला विमानाने जायचे असेल, तर तो काय करतो? साताऱ्याचा माणूस खंबाटकी पार करून सुमारे ११० किलोमीटरवरच्या पुण्याला जातो. सांगलीच्या माणसाला कोल्हापूरचा विमानतळ जवळ पडतो. तो सुमारे ५० किलोमीटरवर आहे. पण तेथून मोजक्याच शहरांना विमाने जातात. काही जण मिरजेहून बेळगाव गाठतात. बाकीचे पेठ नाक्यावरून महामार्गाला लागतात आणि सुमारे २३० किलोमीटरचा प्रवास करून पुण्याला पोहोचतात.

पुण्याच्या विमानतळावर प्रवासी विमानात बसतो. विमान हळूहळू धावपट्टीकडे निघते. एवढ्यात कानठळ्या बसवणारा आवाज येतो आणि राखाडी रंगाचे एक लढाऊ विमान आकाशात झेप घेते. येथे छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, असेही प्रवाशांना सांगितले जाते. प्रवासी विमानतळावर लढाऊ विमान कसे आले, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. खरे तर प्रश्न उलटा विचारायला हवा. लढाऊ विमानांच्या तळावर प्रवासी विमाने कशी आली?

लोहगावचा तळ इंग्रजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. मुंबई हे मोठे बंदर होते. त्याच्या रक्षणासाठी जवळच एक हवाई तळ असावा, हा लोहगावचा उद्देश होता. १९४७ मध्ये हा तळ भारतीय हवाई दलाच्या ताब्यात आला. १९९७ मध्ये रशियाकडून आलेली सुखोई लढाऊ विमाने प्रथम येथेच दाखल झाली. त्यांची सुधारित आवृत्ती, म्हणजे सुखोई-३० एमकेआय, २००२ मध्ये याच तळावर आली. म्हणजे लोहगाव हा आजही देशाच्या संरक्षणाचा एक महत्त्वाचा तळ आहे.

पुणे शहर मात्र वाढत गेले. कारखाने आले, महाविद्यालये आली, संगणकाच्या कंपन्या आल्या. लोकांना विमानसेवा हवी होती आणि धावपट्टी तर समोर तयार होती. म्हणून हवाई दलाच्या तळावरच नागरी विमानांना जागा देण्यात आली. लष्करी तळाच्या आवारात प्रवासी वाहतुकीसाठी जो भाग वेगळा काढून दिला जातो, त्याला ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात. आपण त्याला नागरी विभाग म्हणू.

तुमच्यापैकी काही जणांची शाळा दोन पाळ्यांत भरत असेल. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. इमारत एकच, फळा एकच, पाण्याची टाकीही एकच. सकाळच्या शाळेने वेळेवर वर्ग रिकामे केले नाहीत, तर दुपारच्या मुलांना बाहेर उभे राहावे लागते. कोणी फळा पुसायचा, कुलूप कोणी लावायचे, हे आधी ठरवावे लागते. लोहगावची धावपट्टी अशीच दोघांची आहे. फरक इतकाच, की येथे सकाळ-दुपार अशी वाटणी नाही. एका विमानामागून दुसरे विमान त्याच धावपट्टीवर येते. त्यामुळे येथील नियम शाळेपेक्षा फार कडक असतात.

कोणते काम कोणाचे, ते आता पाहू. धावपट्टी हवाई दलाची आहे. विमानांना उतरण्याची आणि उडण्याची परवानगी देणारा नियंत्रण मनोराही हवाई दलाच्याच हाती आहे. प्रवाशांची इमारत भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते. हे प्राधिकरण १ एप्रिल १९९५ रोजी स्थापन झाले. प्रवाशांची आणि सामानाची तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात. तिकिटे विकणे आणि विमाने चालवणे हे विमान कंपन्यांचे काम. तुम्ही एका दाराने आत शिरता आणि दुसऱ्या दाराने विमानात बसता. पण तेवढ्या अंतरात चार वेगवेगळ्या संस्थांची माणसे तुमच्यासाठी काम करत असतात.

धावपट्टी तयार आहे, मग फक्त एक इमारत बांधली की झाले, असे तुम्हांला वाटेल. पण काम इतके सोपे नसते.

पहिला प्रश्न परवानगीचा. लष्करी तळाची जमीन संरक्षण मंत्रालयाची असते. नागरी विभागाला दहा एकर जमीन हवी असली, तरी ती मागावी लागते आणि बदल्यात काय द्यायचे, ते ठरवावे लागते. तळावर दारूगोळ्याची कोठारे, इंधनाच्या टाक्या आणि लढाऊ विमानांचे निवारे असतात. प्रवाशांची ये-जा त्यांच्यापासून दूर ठेवावी लागते. म्हणून नागरी विभाग तळाच्या एका कडेला असतो. त्याचा रस्ता वेगळा, दरवाजा वेगळा आणि कुंपणही वेगळे असते.

दुसरा प्रश्न लांबीचा. लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर आहे. लढाऊ विमान फार थोड्या अंतरात उडते, कारण त्याच्या इंजिनाचा जोर त्याच्या वजनाच्या मानाने प्रचंड असतो. उतरताना सुखोई आपल्या शेपटाकडून एक छत्री सोडते. त्या छत्रीत हवा भरते आणि विमानाचा वेग झटकन कमी होतो. प्रवासी विमानाला अशी छत्री नसते. ते जड असते आणि प्रवाशांना धक्का न लागेल अशा बेताने त्याला थांबायचे असते. त्यामुळे त्याला लांब धावपट्टी लागते.

येथे हवेचाही संबंध येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे. उंचावरची हवा विरळ असते. एप्रिल-मे महिन्यांत ती तापून आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही कमी पडतो. म्हणून तेच विमान पुण्याच्या उन्हाळ्यात मुंबईपेक्षा जास्त धावते, मगच उडते. धावपट्टी तेवढी लांब नसेल, तर विमानातील इंधन किंवा माल कमी करावा लागतो. इंधन कमी केले, की फार दूरचा देश गाठता येत नाही. अमेरिकेला जाणारे भरलेले मोठे विमान लोहगावहून थेट का निघत नाही, याचे उत्तर यात आहे.

तिसरा प्रश्न वजनाचा आणि रुंदीचा. सुखोई-३० विमान पूर्ण भरल्यावर सुमारे ३८ टन वजनाचे होते. पुण्याहून नेहमी उडणारे १८० आसनांचे प्रवासी विमान भरल्यावर ७५ टनांच्या पुढे जाते. म्हणजे लढाऊ विमान दिसायला भयंकर असले, तरी प्रवासी विमान त्याच्या दुप्पट जड असते. सुखोईच्या पंखांची रुंदी सुमारे १५ मीटर, तर या प्रवासी विमानाची सुमारे ३५ मीटर असते. लढाऊ विमानांसाठी बांधलेल्या अरुंद वाटेवरून ते नेले, तर त्याचा पंख बाजूच्या भिंतीला लागेल. म्हणून प्रवासी विमानांसाठी नवी, रुंद आणि भक्कम वाट बांधावी लागते. या वाटेला टॅक्सी-वे म्हणतात. विमाने उभी करण्यासाठी काँक्रीटचे मोठे मैदानही लागते. त्याला एप्रन म्हणतात. एप्रनवर दहा विमानांची जागा असेल, तर अकरावे विमान उतरल्यावर उभे कोठे करायचे? म्हणून विमानतळाची क्षमता केवळ धावपट्टीवर नव्हे, तर एप्रनवरही अवलंबून असते.

चौथा प्रश्न इमारतीचा. लोहगावची जुनी इमारत प्रवाशांना अपुरी पडू लागली. तेव्हा तिच्याशेजारी तिच्या दुपटीहून मोठी अशी नवी इमारत बांधण्यात आली. १० मार्च २०२४ रोजी तिचे उद्घाटन झाले आणि १४ जुलै २०२४ पासून ती प्रवाशांसाठी खुली झाली. २०२४-२५ या वर्षात पुण्याच्या प्रवाशांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. इमारत दुसरी झाली, तरी धावपट्टी एकच राहिली.

पाचवा प्रश्न तळाबाहेरचा आहे, आणि त्यात तुमच्याआमच्यासारख्या सामान्य माणसांचाही वाटा आहे. विमान उतरताना शहरावरून खाली खाली येते. त्याच्या वाटेत उंच इमारत असेल, तर धोका होतो. म्हणून तळाच्या परिसरात उंच इमारत बांधायची झाल्यास हवाई दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. दुसरा धोका पक्ष्यांचा. उघड्यावर कचरा टाकला, की घारी आणि कावळे जमतात. एवढासा पक्षी इंजिनात खेचला गेला, तर इंजिन बंद पडू शकते. म्हणजे रस्त्यावर टाकलेली कचऱ्याची पिशवी आकाशातील विमानालाही त्रास देऊ शकते.

मित्रांनो, एवढी सगळी तयारी झाल्यावरही दोघांच्या धावपट्टीवर अडचणी येतातच.

पहिली अडचण वेळेची. लढाऊ वैमानिकाला रोज सराव करावा लागतो. सराव नसेल, तर युद्धाच्या वेळी त्याचा उपयोग नाही. सरावाच्या वेळी प्रवासी विमानांना थांबावे लागते. गोव्याचा दाबोळी विमानतळ हा नौदलाचा तळ आहे. तेथे अनेक वर्षे सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवलेले असत. त्या वेळात प्रवासी विमाने येत-जात नसत. पुढे गोव्यात मोपा येथे फक्त नागरी वाहतुकीसाठी नवा विमानतळ बांधण्यात आला आणि जानेवारी २०२३ मध्ये तेथून विमाने उडू लागली.

दुसरी अडचण दुरुस्तीची. ज्या गावात दोन रस्ते असतात, तेथे एक रस्ता खणला तर दुसऱ्याने जाता येते. लोहगावला दुसरी धावपट्टी नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीचे काम सुरू झाले, तेव्हा रात्रीची सर्व विमाने बंद करावी लागली. एक वर्षानंतर, १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या चौदा दिवसांत तर विमानतळ पूर्ण बंद होता. त्या काळात सातारा-सांगलीच्या प्रवाशांना मुंबईसारख्या दूरच्या विमानतळाचा आधार घ्यावा लागला.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. ती सुरक्षिततेची. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याहून दिल्लीला जाणारे एक प्रवासी विमान धावपट्टीवर वेगाने धावत होते. एवढ्यात वैमानिकाला पुढे एक जीप आणि एक माणूस दिसला. विमान थांबवण्याइतके अंतर उरले नव्हते. वैमानिकाने नेहमीपेक्षा लवकर विमानाचे नाक वर उचलले. विमानाच्या शेपटाकडचा भाग धावपट्टीला घासला. पण विमान हवेत गेले आणि दिल्लीला सुखरूप उतरले. विमानातील सर्व माणसे वाचली. क्षणभराचा उशीर झाला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. जेथे दोन वेगवेगळी कामे एकाच जागी चालतात, तेथे धावपट्टीवर कोण, कोणत्या क्षणी आहे, हे सर्वांना ठाऊक असलेच पाहिजे.

चौथी अडचण गुप्ततेची. तळावर किती विमाने आहेत, ती कोठे उभी आहेत, ही माहिती शत्रूला मिळता कामा नये. म्हणून छायाचित्रे काढण्यास बंदी असते. मे २०२५ मध्ये देशाच्या पश्चिम सीमेवर तणाव वाढला होता. तेव्हा संरक्षण दलांच्या काही विमानतळांवर विमान उडताना आणि उतरताना खिडक्यांचे पडदे बंद ठेवण्याचा आदेशही निघाला. आकाशातून आपले गाव पाहायला कोणाला आवडत नाही? पण देशाच्या रक्षणासाठी प्रवाशाला एवढी गोष्ट सोडावी लागते.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या अडचणी आहेत, तर आपल्याच जिल्ह्यांत स्वतंत्र विमानतळ का बांधू नये? प्रश्न योग्य आहे. सातारा जिल्ह्यात कराडजवळ वारुंजी येथे एक धावपट्टी आहे. सांगलीजवळ कवलापूर येथेही एक जुनी धावपट्टी होती. पण या धावपट्ट्या लहान विमानांपुरत्या होत्या. मोठे प्रवासी विमान उतरवायचे असेल, तर धावपट्टी वाढवावी लागते आणि त्यासाठी आजूबाजूची जमीन घ्यावी लागते. कराडच्या विस्ताराचा विचार झाला, तेव्हा वारुंजी परिसरातील शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. ही कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर पिकणारी बागायती जमीन आहे. जमीन एकदा काँक्रीटखाली गेली, की पुन्हा तेथे ऊस उगवत नाही.

पुण्यासाठी नवा विमानतळ पुरंदर तालुक्यात बांधण्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. तेथेही अनेक गावांतील शेतकऱ्यांनी जमीन देण्यास विरोध केला. ‘विमान कोणाचे आणि शेत कोणाचे?’ हा त्यांचा प्रश्न आहे. दुसरीकडे, विमानतळ झाला तर मुलांना नोकऱ्या मिळतील आणि शेतातील अंजीर, सीताफळ परदेशी जाईल, असे सांगणारेही आहेत. दोन्ही बाजूंचे म्हणणे शांतपणे ऐकायला हवे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विमानसेवा फुकट मिळत नाही. लष्कराची धावपट्टी वापरली, तर लष्कराला आपला वेळ आणि आपली जागा द्यावी लागते. नवी धावपट्टी बांधली, तर शेतकऱ्याला आपली जमीन द्यावी लागते. तिकिटावर पैशांचा आकडा छापलेला असतो. पण ही दुसरी किंमत त्यावर छापलेली नसते. ती कोण देतो, हे जाणून घेणे सुजाण नागरिकाचे काम आहे.

म्हणूनच जेथे तयार धावपट्टी आहे, तेथे ती दोघांनी वापरण्याचा मार्ग अनेक ठिकाणी निवडला गेला. बेळगावजवळच्या सांबरा येथील धावपट्टी १९४२ साली, महायुद्धाच्या काळात तयार झाली. तेथे हवाई दलाच्या जवानांना शिक्षण देणारी संस्था आहे. त्याच सांबऱ्याहून प्रवासी विमानेही उडतात. २०१७ मध्ये तेथे नवी इमारत आणि वाढवलेली धावपट्टी वापरात आली. नाशिकजवळ ओझर येथे लढाऊ विमाने तयार करण्याचा कारखाना आहे. तेथील धावपट्टी तर तीन किलोमीटर लांब आहे. कारखान्यासाठी बांधलेल्या या धावपट्टीवर आता प्रवासी विमानेही उतरतात.

कोल्हापूरची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथील विमानतळ लष्कराचा नव्हे, तर संस्थानाचा. तो छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला. म्हणजे लोहगाव आणि कोल्हापूर हे एकाच वयाचे विमानतळ आहेत. कोल्हापूरची विमानसेवा मध्ये बरीच वर्षे खंडित झाली होती. लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेमुळे ती २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढे तेथील धावपट्टीही वाढवण्यात आली. कोल्हापूरहून जितकी जास्त विमाने उडतील, तितकी सांगलीच्या माणसाची पुण्याची फेरी कमी होईल. मग लोहगावच्या एकुलत्या एका धावपट्टीवरचा भारही थोडा हलका होईल.

दोघांच्या धावपट्टीचा आणखी एक उपयोग आहे. तो संकटाच्या वेळी कळतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली शहराच्या रस्त्यांवर होड्या चालवाव्या लागल्या. महामार्ग पाण्याखाली गेला आणि गावेच्या गावे तुटली. अशा वेळी लष्कराची आणि आपत्ती निवारण दलाची पथके मदतीला धावून आली. दूरच्या राज्यांतून येणारी पथके, बोटी आणि औषधे घेऊन मोठे विमान उतरायचे, तर त्याला भक्कम धावपट्टी लागते. त्या वेळी ती धावपट्टी लष्कराची की नागरिकांची, हे कोणी विचारत नाही.

सातारा जिल्ह्यातील लोकांना सैन्य परके नाही. या जिल्ह्यातील अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, कारण तेथील घराघरांतून माणसे सैन्यात गेली आहेत. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. त्यामुळे तुमच्यापैकी कोणी उद्या हवाई दलाचा वैमानिक होऊन लोहगावला जाईल, तर कोणी प्रवासी म्हणून त्याच धावपट्टीवर उतरेल. मनोऱ्यात बसून दोघांनाही वाट दाखवणारी मुलगीही तुमच्याच वर्गातली असू शकेल.

तेव्हा लोहगावला तुमचे विमान उशिरा सुटले, तर लगेच चिडू नका. आधी खिडकीतून आकाशाकडे पाहा. कदाचित एखादा वैमानिक सराव संपवून परत येत असेल. धावपट्टी एकच आहे. त्याला उतरू द्या; मग तुमची पाळी आहेच.

शब्दार्थ

धावपट्टी – विमान उडण्यापूर्वी व उतरल्यावर ज्या लांब, सपाट रस्त्यावर धावते तो रस्ता
विरळ – दाट नसलेला, पातळ
कोठार – वस्तू साठवून ठेवण्याची जागा
निवारा – आसरा, झाकलेली सुरक्षित जागा
ना-हरकत प्रमाणपत्र – आमची काही हरकत नाही, असे लिहून दिलेला कागद
बागायती जमीन – विहीर, नदी किंवा कालव्याच्या पाण्यावर पिकणारी जमीन
खंडित होणे – मध्येच बंद पडणे
सुजाण – समजूतदार

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लोहगावचा तळ कोणत्या साली सुरू झाला?
(आ) विमाने उभी करण्याच्या काँक्रीटच्या मैदानाला काय म्हणतात?
(इ) देशातील पहिली सैनिकी शाळा कोठे सुरू झाली?

प्र. २. कारणे द्या.
(अ) उन्हाळ्यात पुण्याहून उडणाऱ्या विमानाला धावपट्टीवर जास्त अंतर धावावे लागते.
(आ) ऑक्टोबर २०२१ मध्ये पुण्याचा विमानतळ चौदा दिवस बंद होता.
(इ) विमानतळाजवळ उघड्यावर कचरा टाकू नये.

प्र. ३. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) दोन पाळ्यांतील शाळा आणि लोहगावची धावपट्टी यांत कोणते साम्य व कोणता फरक आहे?
(आ) ‘ही दुसरी किंमत तिकिटावर छापलेली नसते,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

प्र. ४. जमीन, हवा, इमारत, नकाशा, मैदान हे शब्द तुमच्या उर्दू भाषेतही आहेत. असे आणखी पाच शब्द या पाठातून शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. वर्गात दोन गट करा. एका गटाने विमानतळासाठी जमीन द्यावी लागणाऱ्या शेतकऱ्याची बाजू मांडावी. दुसऱ्या गटाने विमानाने प्रवास करणाऱ्याची बाजू मांडावी. नंतर गट बदलून पुन्हा बोला.